हेडक्लार्क जेवत नाही

आमचा ससा गाजर खात नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतोय, कारण आमच्या सशाचं खाणं कमी झालं असं पुढे सांगितलं की तुम्ही तोंड उघडणार आणि तुमच्या तोंडातून गाजर बाहेर पडणार. ज्यांनी आयुष्यात ससा फक्त तान्ह्या बाळाच्या झबल्यावर पाहिलाय, त्यांनीसुद्धा मला गाजर सांगितलं. जिन्यात सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं. एका माणसाचा चुकून आमच्याकडे फोन लागला. मागे आई "आजही खाल्लं नाही हो त्याने" म्हणत होती, ते त्याला ऐकू गेलं. "कोणी?" त्याने विचारलं. "सशाने," मी म्हणालो. "मग गाजर द्या ना," तो म्हणाला आणि राँग नंबर म्हणून फोन ठेवला.

सशाचं नाव हेडक्लार्क. रंग राखाडी, गळ्याखाली एक सुखवस्तू वळी. दिवसभर एका जागी बसून तोंड हलवायचं आणि कोणी काही विचारायला गेलं की पाठ करायची. नाव मी ठेवलं. बाबा तेव्हा वीज कार्यालयात हेडक्लार्क होते, हे माझ्या ध्यानात नव्हतं असं मी आजही शपथेवर सांगतो. बाबांनी मनाला लावून घेतलं नाही. "नाव ठीक आहे," ते म्हणाले, "फक्त बाहेरच्यांसमोर त्याला अरे-तुरे करू नका."

त्याची जेवायची जागा आमच्या जेवणाच्या टेबलाखाली. वर आम्ही, खाली तो. वाळल्या गवताची टोपली, पालेभाजीची जुडी, पाण्याचा वाडगा. आमची ताटं वाढली की तोही पिंजऱ्यातून बाहेर येऊन टेबलाखाली हजर. आमच्या घरात वेळेवर जेवणारा एवढा एकच प्राणी होता. आणि एके दिवशी त्याची टोपली अर्धी तशीच राहिली.

हे प्रथम आईच्या लक्षात आलं. आता, "आईने सांगितलं" हे वाक्य आमच्या घरात हल्ली सोपं राहिलेलं नाही.

झालं असं की बाबा निवृत्त झाले. निवृत्त झालेल्या हेडक्लार्कच्या हातात काही द्यावं लागतं, नाहीतर तो घरात काहीतरी हातात घेतो. आई मावशीकडे राहायला गेली असताना बाबांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. सगळे डबे त्यांनी वर्णानुक्रमाने लावले, चिठ्ठ्या चिकटवून. साखर गेली 'स' मध्ये, खाली कोपऱ्यात, साबणाशेजारी. फिनेल आणि फुलकोबी एका फळीवर. मिठासाठी स्टुलावर चढायचं, कारण 'म' वरच्या फळीवर आला, आणि तिथे मीठ, मिरी, मेणबत्त्या आणि मोजपट्टी अशी भावंडं एका ओळीत बसलेली. आई परत आली. दारात उभी राहिली. एक नजर फिरवली. "छान," ती म्हणाली. आणि त्यानंतर बाबांशी तिने एक शब्द उच्चारला नाही. डब्यांनाही हात लावला नाही. ती रोज स्टुलावर चढायची, मीठ काढायची, उतरायची. इतक्या शांतपणे की स्टुलाचीच भीती वाटावी.

तेव्हापासून घरातला सगळा पत्रव्यवहार माझ्यामार्फत.

"त्यांना सांग, हेडक्लार्कने नीट खाल्लेलं नाही," आई म्हणाली. 'ते' समोरच्याच खुर्चीत, पेपरामागे.

"तिला सांग, मला दिसतंय," पेपर म्हणाला.

"त्यांना सांग, दिसत असेल तर माणूस काहीतरी करतो."

"मी टपालपेटी आहे का?" मी म्हणालो.

"तिला सांग, हा हल्ली उलट बोलतो," पेपर म्हणाला.

एक मात्र कबूल करतो, मला ही शांतता आवडायला लागली होती. आधी आमच्या टेबलावर दोन्ही वेळा ताटासोबत भांडण वाढलेलं असायचं. पंखा दोनवर की तीनवर, खिडकी उघडी की बंद, अमक्याच्या लग्नात कोण कोणाशी आधी बोललं नाही. विषय संपला तर जुना गरम करायचे. मी एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात काम करतो. दिवसभर कानाला फोन लावून अनोळखी लोकांच्या शिव्या खायच्या आणि "तुमची गैरसोय मी समजू शकतो" म्हणायचं. घरी येऊन पुन्हा तेच ऐकायचं, फक्त फोन नाही. म्हणून ही शांतता मी गोड मानून घेतली होती. आणि नेमका त्या सुखात ससा आडवा आला.

पहिल्या दिवशी त्याने अर्धी टोपली खाल्ली. मग पाव. मग नुसतं हुंगायचं आणि मान फिरवायची.

आमच्या समोरच्या दारातले काका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना दुसरा उद्योग नाही, आणि आहे तो त्यांना झेपत नाही. आमचं दार उघडं दिसलं की ते आत असतात.

"गाजर दे," ते म्हणाले.

"खात नाही तो गाजर."

"कसं दिलंस?"

"कसं म्हणजे? हाताने."

"तसं नाही रे. उभं कापून की आडवं?"

"काका, त्याला गाजरच आवडत नाही."

"ससा आहे ना तो?" त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं, जणू मला इतके दिवस कोणीतरी फसवत होतं.

तासाभरात काकू वाटीभर किसलेलं गाजर घेऊन आल्या. हेडक्लार्कने वाटीचा वास घेतला, काकूंकडे बघितलं आणि पाठ केली. काकूंचा चेहरा पडला. "असू दे," त्या म्हणाल्या, "आमच्या हातचं कोणाला गोड लागतंय!" आता समोरासमोरची दारं. रोज तोंड बघायचं. संबंध टिकावेत म्हणून ती वाटीभर गाजर मी काकूंसमोर उभं राहून कच्चंच खाल्लं. ससा बघत होता. त्याच्या नजरेत जरा जरी लाज असती, तर मी त्याला तिथेच माफ केलं असतं.

ऑफिसात रजा मागायला गेलो. आमच्या मॅडम कानाला हेडसेट लावूनच जन्माला आल्या असाव्यात.

"कारण?"

"ससा खात नाहीये. दवाखान्यात न्यायचंय."

त्यांनी संगणकात शोधलं. "ससा नाही इथे. आजारी नातेवाईक आहे, स्वतःचं लग्न आहे, मृत्यू आहे."

"मृत्यू होऊ नये म्हणूनच जायचंय, मॅडम."

"मग झाल्यावर घे."

ग्राहकाने हे वाक्य मला ऐकवलं असतं तर मी "तुमची गैरसोय समजू शकतो" म्हणालो असतो. मॅडमसमोरचा रजेचा कागद मी ओढून घेतला. पोट दुखतंय असं लिहून दिलं आणि निघालो. ते खोटंही नव्हतं, कच्चं गाजर बाधलं होतं. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "ऐक रे! गाजर देऊन बघितलंस का?"

जनावरांचा सरकारी दवाखाना म्हणजे एक लांब पडवी, तिच्या एका टोकाला खिडकी, आणि खिडकीत एक माणूस, ज्याला जनावरांचा मनापासून कंटाळा होता. माणसांचाही असावा, पण माणसांवर उपचार करायचे नसल्यामुळे तो ते लपवत नव्हता.

"जनावर?"

"ससा."

"ससा नाही."

"हा काय, टोपलीत आहे."

"यादीत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा, मांजर, कोंबडी. यातलं सांगा."

"'इतर' असेल ना?"

"होतं. काढून टाकलं. लोक त्यात काहीही लिहायचे."

"मग सशांनी जायचं कुठे?"

"पुढे बोला. मागे रांग आहे. खातो काय?"

"गवत. म्हणजे, आधी खायचा."

"गवत म्हणजे शेळी." त्याने बटण दाबलं. "वजन?"

"दीड किलो."

संगणक किंचाळला. "दीड किलोची शेळी घेत नाही हा. कमीत कमी दहा लागतात."

"नाहीच आहे ती शेळी!"

"ओरडू नका. तुमचंच काम करतोय." त्याने विचार केला आणि १.५ मधलं टिंब काढून टाकलं. "पंधरा किलो. झालं. पत्ता सांगा."

आणि मी सांगितला. भावांनो, त्या क्षणी मी पत्ता सांगितला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. पण टोपलीत हेडक्लार्क कान पाडून बसला होता, मागून एक म्हैस माझ्या मानेवर श्वास सोडत होती, आणि अशा वेळी माणूस विचारेल ते सांगतो.

पडवीत बाकावर बसलो. शेजारी मांजरवाली बाई आणि पलीकडे कोंबडेवाला. दोघांचं जुंपलं होतं.

"तुमचा कोंबडा मागून आला आणि पुढे बसला!"

"कोंबड्याला काय कळतंय रांग?"

"तुम्हाला कळते ना?"

"तुमचं मांजर कधीपासून बघतंय त्याच्याकडे. त्याला सांगा आधी!"

बाईचा आवाज चढला, कोंबड्याने त्यात स्वतःचा घातला, आणि तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या टोपलीतून 'कुरुम कुरुम' ऐकू आलं. झाकण उचललं. हेडक्लार्क खाली अंथरलेलं गवत खात होता. पोटभर नाही, पण खात होता. घरी उपास आणि इथे पंगत! माझ्या डोक्यात तिडीक गेली. डॉक्टरांच्या दारात आलं की रोग्याला बरं वाटतं आणि आणणारा खोटा पडतो, हे मला माणसांपुरतं ठाऊक होतं. मी झाकण आपटून बंद केलं.

डॉक्टरबाईंची खोली आत होती, दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी कागद वाचला, मग टोपलीत बघितलं.

"ही शेळी?"

"कागदावर."

त्यांनी एक उसासा टाकला आणि कामाला लागल्या. भली बाई. दात तपासले, ताप बघितला, पोट दाबून बघितलं. दात चांगले, ताप नाही. मी डबीत लेंड्या घेऊन गेलो होतो, त्या बघून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बारीक झाल्यात. पोट मंद चालतंय. हे बघा, घाबरवत नाही, पण सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो. त्याला वेळ नसतो आपल्यासारखा. उद्या संध्याकाळपर्यंत नीट खायला लागला नाही, तर इथे आणून ठेवावा लागेल. आणि उशिरा आणलेले ससे फारसे..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

मी हेडक्लार्ककडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता.

"घरात काही बदल झालाय? नवीन माणूस, नवीन आवाज?"

"छे. उलट आवाज बंद झालाय. आईबाबा बोलत नाहीत एकमेकांशी."

"मग चांगलंच आहे की. घाबरट जात असते ही. पूर्ण शांतता ठेवा."

मी शांतता ठेवली. अशी शांतता कोणी ठेवली नसेल. घरी गेल्या गेल्या दारावरची घंटा काढली. फ्रिज घरघरतो म्हणून बंद केला. नळाला फडकं बांधलं. चपला बंद, शिंक बंद, कुकर बंद. बाबांच्या पेपराची पानं उलटताना आवाज होतो, म्हणून पेपर सुटा करून एकेक पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. निरोपही आता बोलून नाही, चिठ्ठीवर. 'त्यांना सांग, वरण संपलं.' 'तिला सांग, कळलं.' मी बोटांवर चालत चिठ्ठ्या पोचवत होतो आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होतो. मॅडमना, खिडकीतल्या माणसाला, कोंबडेवाल्याला, वर्णानुक्रम काढणाऱ्या पहिल्या माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्कने गवत हुंगलंसुद्धा नाही.

तो टेबलाखाली गोळा होऊन बसला होता, डोळे अर्धे मिटून. डॉक्टरबाईंनी दिलेलं पातळ औषध पिचकारीने तोंडात सोडलं, ते अर्धं बाहेर आलं. मी टेबलाखाली शिरलो, पोटावर आडवा झालो आणि त्याच्या नाकासमोर गवताची काडी चावून दाखवली. "असं," मी कुजबुजलो, "असं खायचं, गाढवा." एम. ए. झालेला माणूस, मोठ्या कंपनीत नोकरीला, टेबलाखाली पडून गवत खातोय आणि ससा त्याची कीव करतोय. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गवत तिखट होतं.

वर आई एका खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, बाबा दुसऱ्या. दोघंही टेबलाखाली बघत होते.

मी ऑफिसात खोटं न बोलता नुसतीच दांडी मारली आणि दवाखान्यात न्यायला टोपली काढली. तेवढ्यात दार वाजलं. घंटा नव्हती, म्हणून कोणीतरी लाथ मारावी तसं वाजवलं.

दारात खाकी शर्टातला एक दणकट माणूस. एका हातात लोखंडी चिमटा, दुसऱ्यात पिवळे बिल्ले.

"शेळी कुठाय?" तो गोठ्यात बोलायच्या आवाजात म्हणाला.

"हळू!" मी म्हणालो.

"काल नोंद झाली ना? पंधरा किलो, तिसरा मजला. नोंद झाली की कानाला बिल्ला. कुठं बांधलीय?"

त्याच्या मागून सेक्रेटरीकाका घुसले, त्यांच्या मागून काकू. "शेळी!" काका थरथरत होते. "हा माणूस फाटकात उभा राहून अख्ख्या सोसायटीला विचारत होता, शेळीवाल्यांचं घर कुठलं! शेळी लिफ्टमधून आणलीस की जिन्याने? खरं सांग!"

"काका, शेळी नाही."

"मग कागद खोटा?"

"कागद खरा आहे. शेळी खोटी आहे."

"मला वाटलंच होतं," काकू म्हणाल्या, "गाजर खाल्लं नाही तेव्हाच."

मी त्या खाकीवाल्याला हात धरून टेबलाजवळ नेलं आणि खाली बोट दाखवलं. तो गुडघ्यांवर बसला. बराच वेळ बघत राहिला.

"हा ससा आहे," तो म्हणाला.

"देव तुमचं भलं करो," मी म्हणालो. आठवड्यात पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं होतं.

"पण बिल्ला तर तुमच्या नावाचा निघालाय. परत नेला तर साहेब म्हणतील, शेळी पळवली. मी कुठून देऊ शेळी?" त्याने चिमटा उघडून मिटून बघितला. "कान तसे लांब आहेत याचे. बसेल."

"बसेल काय! वेड लागलंय का?" मी ओरडलो. बोटांवर चालून चालून माझी अक्कल संपली होती. "आजारी आहे तो! मरायला टेकलाय!"

आणि इथे माझ्या सख्ख्या बापाने घात केला. बाबा खुर्चीतून उठले, चष्मा लावला, त्या माणसाच्या हातातला कागद घेतला आणि खालपासून वरपर्यंत वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा रंग आला.

"नोंद रीतसर आहे," ते म्हणाले.

"बाबा, तो ससा आहे!"

"मला माहीत आहे. पण नोंद शेळीची आहे. आता बिल्ला नाही लावला, तर ह्याची नोकरी अडचणीत येईल. आधी बिल्ला लावू दे. मग आपण रीतसर अर्ज करून काढून घेऊ."

"ह्या साहेबांना कळतंय," खाकीवाला बाबांकडे बघून म्हणाला.

"कानाला भोक पडेल, बाबा!"

"भोकाचं त्याच अर्जात लिहू."

आई उठली. खुर्ची मागे सरकली त्याचा जो आवाज झाला, तसा आवाज त्या घरात कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"त्या कानाला हात तर लावून दाखवा," ती म्हणाली.

मी सवयीने वळलो. "बाबा, आई म्हणतेय की त्या कानाला..."

"तू गप्प बस!" दोघंही एकदम म्हणाले.

"स्वयंपाकघराला चिठ्ठ्या लावून झाल्या," आई बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली, "आता जिवंत प्राण्याला लावायला निघालात!"

"चिठ्ठी नाही, बिल्ला आहे तो!"

"मला काय लावणार आहात? मी कुठल्या फळीवर?"

"आता हे कुठलं कुठे नेतेस!"

"रोज स्टुलावर चढते मी मिठासाठी! ह्या वयात! एकदा तरी डोकं वर करून बघितलंत?"

"मग सांगायचं होतंस!"

"सांगायला तुम्ही माणूस आहात की कार्यालय? अर्ज देऊ? तीन प्रतींत देऊ?"

"तू 'छान' म्हणालीस! तोंडाने 'छान' म्हणालीस!"

"कसं म्हणाले ते ऐकलंत का?"

"मी शब्द ऐकतो!"

"तेच तर! जन्मभर शब्दच ऐकलेत!"

आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. बाबांचा चष्मा नाकाच्या टोकाला आला होता, आईच्या हातात खाकीवाल्याचा चिमटा कधी आला ते त्यालाही कळलं नव्हतं. मी टोपली घेऊन मधे उभा होतो आणि ठरवत होतो की कोणावर आधी ओरडायचं. आणि खालून आवाज आला.

कुरुम. कुरुम. कुरुम.

मी वाकलो. हेडक्लार्क पुढच्या पायांवर उठला होता, कान ताठ, आणि पालेभाजीची जुडी बुडख्यापासून खात होता. नुसता खात नव्हता, तुटून पडला होता. मी तसाच वाकलेला राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली पडवी आली, ती मांजरवाली बाई, तो कोंबडा. मग आमचं टेबल, पंखा दोनवर की तीनवर. हा प्राणी लहानाचा मोठा झाला तोच त्या टेबलाखाली. वर भांडण चालू म्हणजे जग ठीक चाललंय, जेवायला हरकत नाही. वर सगळं चिडीचूप म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, जीव मुठीत धरून बसायचं. आणि मी काय केलं? फ्रिजसुद्धा बंद केला.

"शांत व्हा, शांत व्हा," सेक्रेटरीकाका हात जोडून मधे आले. "अहो, सुशिक्षित माणसं तुम्ही! खालचे-वरचे ऐकतायत!"

आई थांबली. बाबा थांबले.

टेबलाखालचा आवाजही थांबला. हेडक्लार्कच्या तोंडातून भाजीचा एक लांब देठ अर्धा बाहेर राहिला होता.

"काका!" मी इतक्या जोराने ओरडलो की काकू भिंतीला टेकल्या. "तुम्हाला कोणी बोलावलं मधे? आयुष्यात पहिल्यांदा ह्या सोसायटीत एक काम नीट चाललं होतं आणि तुम्ही तेही बंद पाडलंत! आई, बाबा, भांडा! थांबू नका! तो बघा, तुम्ही भांडताय तोवर खातोय तो!"

सगळे वाकले. सगळ्यांनी तो देठ बघितला.

"काय सांगतोस?" आई म्हणाली, पण अगदी हळू.

"आई, जोरात!"

पण भांड म्हटल्यावर भांडण येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आई पदराशी चाळा करायला लागली. बाबांनी घसा खाकरला. "खिडकी..." ते म्हणाले, "खिडकी बंद असलेली बरी." "असू दे बंद," आई म्हणाली. काय हा समंजसपणा! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्षं मी कानात कापूस घालून काढली ह्या घरात, आणि आज, आजच्या दिवशी, ह्यांचं पटलं! खाली हेडक्लार्कचे कान हळूहळू पडत चालले होते. देठ हलत नव्हता.

बाबांनी खाली बघितलं. मग आईकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा काढला, घडी केला आणि खिशात ठेवला, जसा माणूस मारामारीआधी ठेवतो.

"तुला आज खरं सांगतो," ते म्हणाले. "तुझा चहा मला कधीच आवडला नाही."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. खाकीवाला रिकाम्या खुर्चीवर टेकला.

"काय म्हणालात?" आई म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून. पाणचट असतो."

देठ एक बोटभर आत गेला.

"पाणचट?" आईचा आवाज वरच्या मजल्याकडे निघाला. "मग रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन कप कशाला ढोसलेत? आयुष्यभर! मिटक्या मारत! कशाला?"

"भीतीने!" बाबा ओरडले.

आणि टेबलाखाली कुरुम, कुरुम, कुरुम.